तीर्थनच्या ट्राउटबद्दल लिहिताना नदीबद्दलही लिहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पर्यटन पुरवणीत हिमाचलमधल्या तीर्थन खोऱ्यावर पानभर लेख आला होता. वाचून आनंद झाला, कारण शिमला-मनालीच्या पलीकडेही हिमाचल आहे हे आपल्या लोकांना कुणीतरी सांगायलाच हवं होतं. पण त्यातली चौकट वाचली आणि राहवलं नाही. चौकटीत म्हटलंय की नाताळच्या सुट्टीत तीर्थनला जा, होमस्टेवाल्याकडून गळ मागून घ्या, नदीत ट्राउट (हा थंड, डोंगरी पाण्यातला मासा) पकडा आणि संध्याकाळी शेकोटीवर भाजून खा. आता बघा, हिमाचलमध्ये १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते, चार महिने पूर्ण बंद. म्हणजे तुमचा लेख वाचून जो कोणी २५ डिसेंबरला तीर्थनकाठच्या गुशैणी गावातल्या पुलाखाली गळ टाकून बसेल तो सरळ सरळ नियम मोडणार, आणि त्या बिचाऱ्याला ते माहीतही नसणार. लायसन्सचा तर लेखात उल्लेखच नाही. बंदी नसते तेव्हासुद्धा मत्स्य विभागाचं लायसन्स काढावं लागतं, दिवसाच्या हिशोबाने मिळतं, फी काही फार नसते, होमस्टेवाले मदत करतात. दोन ओळींचं काम होतं.

ही बंदी उगाच नाहीये. याच थंडीच्या दिवसांत ब्राउन ट्राउट या जातीची वीण होते. मादी उथळ पाण्यात, जिथे बारीक खडी आहे आणि खडीतून पाणी खेळतं आहे अशी जागा शोधते, आडवी होऊन शेपटीने फटकारे मारत खळगा करते, त्यात अंडी घालते, नर ती फळवतो, मग ती थोडं वर सरकून परत फटकारे मारते आणि खडी वाहत येऊन अंड्यांवर बसते. पाणी इतकं थंड असतं की ती अंडी फुटायला महिने लागतात. त्या काळात कुणी गमबूट घालून त्या खडीवरून फिरला तरी अंडी चिरडतात, मासा पकडायचीही गरज नाही. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतात, त्याची बातमी तुमच्याच पेपरात दरवर्षी येते, तिथे कुणी म्हणत नाही की जा आणि मासे मारा. मग हिमाचलच्या बंदीचा मान का नको?

मी पुण्यात राहतो, नोकरीतून रिटायर झालोय, आणि बरीच वर्षं मार्च-एप्रिलमध्ये नाहीतर पावसाळा उलटल्यावर सप्टेंबरअखेरीला फ्लाय फिशिंगसाठी हिमाचलला जातो. या दोन्ही वेळा मुद्दाम निवडलेल्या आहेत. मे संपत आला की वरचं बर्फ वितळून पाणी वाढतं, नंतर पावसाने नदी गढूळ होते, मग काही करता येत नाही. मार्चमध्ये मात्र पाणी कमी आणि इतकं स्वच्छ असतं की तळाचा गोटा न गोटा दिसतो.

तुमच्या लेखात फ्लाय फिशिंग म्हणजे "एक प्रकारचा गळ" एवढंच लिहिलंय, त्यामुळे थोडं सांगतो, कारण हे समजलं तर पुढचा सगळा मुद्दा समजेल. आपल्याकडे कोकणात गरवायला जातात तेव्हा गरीला गांडूळ किंवा कोलंबी लावतात, वर शिशाचं वजन असतं, त्या वजनाने दोरी लांब जाते. फ्लायला वजनच नसतं. कोंबड्याच्या मानेवरची पिसं, सशाचे केस, थोडा रेशमी दोरा असं काहीतरी बारीकशा हुकवर गुंडाळून पाण्यावरच्या किड्यासारखं दिसणारं बनवलेलं असतं, फुंकर मारली तर उडेल. मग ते चाळीस फुटांवर जाणार कसं? तर इथे दोरीच जड असते. जाडसर, रंगीत, टोकाकडे निमुळती होत गेलेली दोरी, ती नऊ फुटी लवचिक रॉडने मागे फेकायची, मागे हवेत ती पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, आणि मग पुढे सोडायची. नवीन माणूस थांबत नाही, घाई करतो, आणि सगळं भेंडोळं डोक्यावर येतं. मी अजूनही सोसायटीच्या मोकळ्या जागेत सकाळी सराव करतो, हुकच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून, शेजारच्यांना आता सवय झाली आहे. दोरीच्या पुढे लीडर म्हणजे पारदर्शक पातळ दोरा आणि त्याच्या टोकाला केसासारखी बारीक टिपेट, तिला फ्लाय. जाड दोरी माशाला दिसू नये म्हणून हे मधलं अंतर.

पण फेकणं हा अर्धाच भाग, खरं काम नदी वाचायचं. ट्राउट नेहमी प्रवाहाच्या उलट दिशेला, वरच्या अंगाला तोंड करून उभा असतो, पाणी त्याच्याकडे खाणं घेऊन येतं, तो कशाला धावेल? मोठ्या दगडाच्या आडोशाला, किंवा जिथे वेगाचं पाणी आणि संथ पाणी एकमेकाला घासून जातं त्या रेघेवर तो थांबतो, म्हणजे ताकद कमी लागते आणि शेजारून वाहत जाणारं किडुकमिडुक उचलता येतं. त्यामुळे माणसाने खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून जायचं, वाकून, सावली पाण्यावर पडू न देता. ब्राउन ट्राउट फार सावध असतो, अंगावर लाल ठिपके आणि त्याभोवती फिकट कडं असतं, बघायला अतिशय देखणा, पण एकदा बिथरला की दगडाखाली गेला, त्या दिवशी परत दिसेल याची खात्री नाही. रेनबो ही ट्राउटची दुसरी जात त्यामानाने धीट, अंगावर गुलाबी पट्टा. आणि फ्लाय पाण्यावर पडली की ती प्रवाहाबरोबर अगदी मोकळी वाहिली पाहिजे, दोरीने तिला जरा ओढ दिली की ती किड्यासारखी वागत नाही आणि माशाला ते लगेच कळतं. म्हणून दोरी सतत उचलून वरच्या अंगाला टाकत राहायची.

ट्राउट पाण्यावरचे किडे खाताना दिसतो, त्यामुळे लोकांना वाटतं तो तेच खातो, पण त्याचं बहुतेक खाणं पाण्याखालीच असतं. नदीतला एक गोटा उचलून उलटा करून बघा. खाली चपट्या अळ्या चिकटलेल्या असतात, काही तर बारीक खडे चिकटवून नळी करून तिच्यात राहतात. यातून मे फ्लाय, स्टोन फ्लाय, कॅडिस हे किडे तयार होतात आणि ठराविक दिवसांत ठराविक वेळेला पाण्यातून वर येऊन उडतात. यातल्या स्टोन फ्लायसारख्या नाजूक अळ्यांना थंड, स्वच्छ, प्राणवायूने भरलेलं पाणीच लागतं. सांडपाणी आलं की त्या गेल्या. रस्ता रुंद करताना काढलेली माती नदीत ढकलली की ती दगडांच्या फटीत बसते, अळ्यांची घरं बुजतात, आणि वर सांगितली ती अंडी घालायची खडीही बुजते, अंड्यांना प्राणवायू मिळत नाही. म्हणजे ट्राउट आहे याचा अर्थ वरचं सगळं खोरं बऱ्यापैकी शाबूत आहे. फ्लाय फिशिंग करणारा माणूस मासा पकडायच्या आधी तासभर हेच बघत असतो, म्हणून नदीत काही बदललं की त्याला आधी कळतं, आणि माझ्या मते या छंदाचा मोठा उपयोग तोच आहे.

आता तीर्थनबद्दल, कारण तुमच्या लेखात धबधबा आला, जलोडी जोत (खिंड) आला, होमस्टे आले, पण ही नदी अजून अशी का आहे ते आलं नाही. तीर्थन वरून ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधून येते, ७५४ चौरस किलोमीटरचं हे उद्यान २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. गुशैणी, नागिणी, साई रोपा, बंजार असं करत ती लारजीपाशी खाली येते. शेजारचीच सैंज नदी तिथेच मिळते आणि दोघी बियासला जातात. सैंजवर पार्वती-३ हा ५२० मेगावॅटचा प्रकल्प आहे, शिवाय वर आणखी एक, आणि संगमाच्या खाली बियासवर लारजीचा १२६ मेगावॅटचा. तीर्थनवरही छोटे छोटे वीज प्रकल्प यायचेच होते. पण बंजारचे माजी आमदार दिलेराम शबाब यांनी त्याविरुद्ध लढा उभा केला, खोऱ्यातली माणसं त्यांच्या पाठीशी उभी राहिली, प्रकरण हायकोर्टात गेलं, आणि शेवटी तीर्थनवरचे प्रस्तावित प्रकल्प रद्द झाले. त्या लढ्यातला एक मोठा मुद्दा ट्राउट होता. ही ट्राउटची नदी आहे, इथे बाहेरून लोक मासेमारीला येतात, त्यावर घरं चालतात, विजेसाठी नदी बोगद्यात घातली तर हे सगळं जाईल. तुम्ही लारजीजवळ औटच्या रस्त्याच्या बोगद्यापाशी उभे राहून एकदा बियासकडे बघा आणि मग बंजार ओलांडून तीर्थनकडे बघा, फरक सांगावा लागत नाही.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. नदी वाचवा म्हणून भाषणं खूप होतात, पण नदीवाचून ज्याचं काही अडतं असा माणूस काठावर असला तरच ती वाचते. तीर्थनच्या काठावर असे लोक आहेत. होमस्टे चालवणारे, गाइड, लायसन्सवर येणारे आमच्यासारखे. कुणी रात्री जाळं टाकलं, ब्लीचिंग पावडर टाकली तर गावातच ओरडा होतो. सगळं छान चाललंय असं मी म्हणत नाही. नदीच्या अगदी काठावर, कधी कधी पात्रातच म्हणावं अशा ठिकाणी बांधकामं झालीत, प्लास्टिक आहे, गाड्या पाण्यात उतरवून धुणारे आहेत, मोठ्या आवाजात स्पीकर लावणारे आहेत, त्यात एमएच पासिंगच्या गाड्याही असतात हे सांगताना मला वाईट वाटतं. जुलै २०२३ मध्ये कुल्लू-मंडीत जो पूर आला त्याने नदीने आपली जागा कुठवर आहे ते दाखवून दिलं, तरी काही ठिकाणी परत तिथेच बांधतायत. अशा वेळी पेपरातल्या लेखाने नुसतं "चला मजा करू" म्हणायचं का?

एक आक्षेप मला माहीत आहे आणि तो खरा आहे. ट्राउट आपला मासा नाही. काश्मीरमध्ये १८९९ साली विलायतेहून अंडी आली ती खराब झाली, १९०० साली परत मागवली ती जगली, श्रीनगरला गालिच्याचा कारखाना चालवणारा मिचेल नावाचा ब्रिटिश माणूस यामागे होता. तिथून १९०९ च्या सुमारास हॉवेल नावाच्या अधिकाऱ्याने कुल्लूत आणली. साहेबांना आपल्या गावाकडचा छंद इथे हवा होता, दुसरं काही कारण नव्हतं. हिमालयात आधीपासून जो मासा होता, ज्याला इंग्रजीत स्नो ट्राउट म्हणतात पण जो खरं तर आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला आहे, त्याची पिल्लं हा ब्राउन ट्राउट खातो, त्याची जागा घेतो. हे नुकसान झालेलं आहे. सव्वाशे वर्षांनी आता ट्राउट काढून टाकता येणार नाही, पण नवीन ठिकाणी, अजून जिथे नाही अशा ओढ्यांत तो सोडू नये असं मला ठामपणे वाटतं. आहे तिथे त्याचा नदीसाठी उपयोग करून घ्यावा.

तीर्थन सोडून इतर पाण्यांबद्दल लोक विचारतात म्हणून थोडक्यात. बरोटची उहल नदी मला जवळजवळ तितकीच आवडते, दरी अरुंद, देवदार, थंडी जास्त. तिथे सरकारची ट्राउट हॅचरी (पिल्लं तयार करायचं केंद्र) आहे, आणि इंग्रजांच्या काळातला शानन वीज प्रकल्पाचा जलाशय आहे, म्हणजे प्रकल्प असूनही वरच्या भागात नदी टिकून आहे हे मान्य करायला पाहिजे. जाताना जोगिंदरनगरजवळ मच्छियाल लागतं, तिथे देवळापाशी महासीर मासे आहेत, लोक त्यांना कणकेचे गोळे घालतात, पकडत कुणी नाही. शिमल्याच्या पलीकडे रोहडूला पब्बर नदी, पात्र मोठं, वारा फार, फ्लाय टाकायला अवघड पण ब्राउन दांडगे. सांगल्याची बास्पा बघायला सगळ्यात सुंदर, पण खाली कुप्पाला धरण आहे आणि त्याच्या खाली नदी किती उरते ते तुम्ही स्वतः बघा. काश्मीरमध्ये लिद्दर, सिंध (सिंधू नव्हे), ब्रिंगी, तिथे नद्यांचे बीट म्हणजे तुकडे पाडलेत, बीटप्रमाणे परमिट मिळतं, ही पद्धत मला उत्तम वाटते कारण एका तुकड्यावर गर्दी होत नाही. त्या ब्रिंगी नदीत फेब्रुवारी २०२२ मध्ये कोकरनागजवळ पात्रातच मोठं भगदाड पडलं आणि पाणी त्यात गेलं, खालचं पात्र कोरडं, ट्राउट मेले. जमीन चुनखडीची आहे, असं होतं. दक्षिणेत निलगिरीला आणि मुन्नारच्या बाजूलाही इंग्रजांनी सोडलेले ट्राउट आहेत, तिथे मी गेलो नाही.

आणि भाजून खाण्याबद्दल. मी शाकाहारी नाही, मासे मला आवडतात, त्यामुळे खाऊ नका असं मी सांगणार नाही. पण तीर्थनला हॉटेलात किंवा होमस्टेत जो ट्राउट ताटात येतो तो बहुधा फार्ममधला रेनबो असतो, नदीचं पाणी सिमेंटच्या लांबट टाक्यांतून खेळवून, खाद्य घालून वाढवलेला. तोच खावा. चव चांगली असते, तिथल्या शेतकऱ्याला पैसे मिळतात, आणि नदीवर काही बोजा पडत नाही, फक्त टाकीतलं पाणी परत नदीत सोडताना नीट सोडलं पाहिजे. नदीतला ब्राउन वाढायला वेळ लागतो, थंड पाण्यात खाणं कमी असतं, वीतभर मासासुद्धा दोन-तीन वर्षांचा असू शकतो. तो एकदा खाल्ला की संपला. पाण्यात परत सोडला तर परत वाढेल, वीण करेल, आणि दुसऱ्या कुणाला तरी मिळेल.

सोडायचीही पद्धत असते. तुमच्या लेखाबरोबरच्या फोटोत मासा गवतावर ठेवलाय आणि मग म्हणे नदीत सोडला. तो जगला असेल असं मला वाटत नाही. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो तो त्याचं रोगापासून रक्षण करतो, कोरड्या हाताने धरलं किंवा गवतावर, वाळूवर टाकलं की तो निघून जातो. हात आधी ओले करायचे, शक्यतो मासा पाण्यातच ठेवून हुक काढायचा, हुकचा उलटा काटा पक्कडीने आधीच चेपून टाकायचा म्हणजे हुक चटकन निघतो. फोटो काढायचा तर पाण्याबाहेर चार-पाच सेकंद. कल्ल्यांत बोट घालून उचलायचं तर नावच काढू नये. मग त्याला वरून येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून हलकेच धरून ठेवायचं, स्वतः निसटून जाईपर्यंत. दुपारी पाणी तापलं असेल तर मासेमारीच थांबवायची, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी आणि दमलेला मासा सावरत नाही. हे सगळं एका चौकटीत बसतं, मी मोजून बघितलंय.

आता तुम्ही म्हणाल हिमाचलच्या नदीची एवढी चिंता पुण्यातल्या माणसाला का. तर मला मुळा-मुठेचीही आहे. दख्खनचा जो महासीर, शास्त्रीय नाव टॉर खुदरी, त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८३९ साली कर्नल साइक्स यांनी केलं ते आपल्या पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. जगभरच्या पुस्तकांत या माशाचं मूळ ठिकाण म्हणून आपली नदी लिहिलेली आहे, आणि आज बंडगार्डनला पुलावर उभं राहवत नाही. तोच मासा देहूला इंद्रायणीत होता. महाडकडे काळ नदीवर वाळण कोंडीला वरदायिनीच्या डोहात, वाड्याजवळ तिळशाला वैतरणेच्या डोहात लोकांनी देवाचे मासे म्हणून पिढ्यान् पिढ्या राखलेत, तिथे आजही माणसं मुरमुरे टाकतात आणि मोठे मासे वर येतात. म्हणजे मासा राखायची रीत आपल्याकडे आहे. पण डोहाच्या वर-खाली दोन किलोमीटरवर जिलेटिन लावून मारणारे, करंट सोडणारे, पाण्यात विष कालवणारे आहेत, आणि त्यांना अडवायला कुणी नाही, कारण त्या पाण्यावर कुणाचं पोट नाही की कुणाचा रोजचा वावर नाही.

म्हणून मला असं वाटतं की महाराष्ट्रातही सह्याद्रीतल्या काही निवडक नद्यांच्या काही किलोमीटरच्या तुकड्यांवर लायसन्स घेऊन, पकडून सोडून देण्याच्या अटीवर मासेमारी सुरू करावी, फी गावाला मिळावी, राखणदार गावातलेच भोई, कातकरी, कोळी असावेत कारण त्यांच्याएवढी नदी कुणाला माहीत नाही, आणि विणीच्या महिन्यांत बंद. देवाचे डोह मात्र जसे आहेत तसेच सोडावेत, तिथे गळ नको. महासीर फ्लायवरही येतो, त्यासाठी जगभरातून लोक भारतात येतात. कर्नाटकात कावेरीवर भीमेश्वरी, गालिबोरे इथे असे कॅम्प होते, जुने मासे चोर तिथे गाइड झाले होते. अभयारण्यात गळ चालणार नाही म्हणून कॅम्पवरची मासेमारी पुढे बंद झाली, आणि त्यानंतर राखण कमी होऊन चोरटी मासेमारी वाढल्याचं संशोधकांनी मांडलंय. अभयारण्याच्या कायद्याचा मी आदर करतो, पण अभयारण्याच्या बाहेर तर हे करता येईल ना?

कावेरीवरूनच दुसरी गोष्ट शिकायची. लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावावर महासीरची पैदास करायचं काम १९७० च्या दशकापासून झालं, डॉ. शशांक ओगले यांनी ते नावारूपाला आणलं, आपल्या महाराष्ट्राला अभिमान वाटावा असं काम आहे, लाखो पिल्लं तयार झाली. पण त्यातली कावेरीत गेली आणि तिथे आपला खुदरी इतका वाढला की कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महासीर मागे पडला. त्या माशाला शास्त्रीय नाव मिळालं, टॉर रेमादेवी, तेच २०१८ साली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. म्हणजे जे ट्राउटने हिमालयात केलं तेच आपल्या माशाने कावेरीत केलं. त्यामुळे नदी सुधारायची म्हणून पिल्लं आणून सोडायचे आणि फोटो काढायचे कार्यक्रम जे होतात त्यांची मला भीती वाटते. ज्या नदीचा मासा त्याच नदीत. आधी पाणी नीट करा, जिलेटिन बंद करा, मासा असेल तर आपोआप वाढेल.

पवईला महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, पुण्यामुंबईत फ्लाय टाकणारी तरुण मुलं आहेत, ती मासे सोडून देतात, नदीची नोंद ठेवतात. अशा मुलांशी तुमच्या वार्ताहराने बोलावं.

माझी विनंती एवढीच आहे. येत्या रविवारी, म्हणजे नाताळच्या आधी, पुरवणीत ठळक दुरुस्ती छापा की हिमाचलमध्ये फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउट पकडायला बंदी आहे, कारण तुमचा लेख व्हॉट्सअॅपवर आमच्या तीन ग्रुपवर फिरतोय आणि दोन कुटुंबं बुकिंग करून बसली आहेत. त्यांना मी सांगितलं की जरूर जा, गुशैणीहून पार्कच्या दिशेने नदीकाठाने चालत जा, फार्मवरचा ट्राउट खा, गळ मात्र नको. आणि मार्चमध्ये, मासेमारी सुरू होईल तेव्हा, लायसन्स कुठे मिळतं, काय नियम आहेत, मासा कसा सोडायचा यावर एक नीट लेख द्या. लिहिणाऱ्याला लागेल ती माहिती द्यायला मी तयार आहे, पत्ता आणि फोन पत्रासोबत वेगळा जोडला आहे, तो छापू नये.

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड, पुणे